ताप वेगळा, ऊन लागणं वेगळं

मागच्या अंकात शरीराच्या तापमानावर प्रश्न पाठवा म्हणून सांगितलं होतं, तर मराठवाड्यातून पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, काहींनी व्हॉइस मेसेज पण टाकले. सगळे घेणं शक्य नाही. पण वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती, की अंग गरम लागलं की आपण त्याला ताप म्हणतो आणि तापाची गोळी देतो, आणि मे महिन्यात नेमकी हीच सवय जीवावर बेतते. म्हणून त्या प्रश्नांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

सर, मी परभणीला बीएस्सीला आहे. मे मध्ये इथं 43-44 डिग्री असतं आणि डिसेंबरात कधी कधी पहाटे पाच-सहावर येतं. तरी अंगात थर्मामीटर 37 च्या आसपासच दाखवतो. हे कंट्रोल मेंदू करतो म्हणतात, पण नेमकं कसं?

मेंदूच करतो, आणि त्यातला अगदी छोटा भाग करतो. मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या बरोबर वर हायपोथॅलॅमस आहे, वजन जेमतेम चार ग्रॅम. त्याच्या पुढच्या भागात, ज्याला प्रीऑप्टिक भाग म्हणतात, तिथल्या काही पेशी अशा आहेत की आजूबाजूचं रक्त जरा जरी गरम झालं तरी त्यांचे सिग्नल वाढतात, म्हणजे रक्ताचं तापमान त्या स्वतःच मोजतात. शिवाय त्वचेतून, पोटातून, पाठीच्या कण्यातून खबर येतच असते. त्यात त्वचेची खबर लै कामाची, कारण तुम्ही सावलीतून उन्हात पाऊल टाकलं की आतलं रक्त गरम व्हायच्या आधीच मेंदूला कळतं आणि तो तयारीला लागतो.

त्वचेला गरम-गार कळतं कसं याचा शोध मिरचीपासून लागला. मिरचीत कॅप्सायसिन असतं, ते मज्जातंतूच्या ज्या दारावर काम करतं ते टीआरपीव्ही-1 नावाचं दार डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने 1997 मध्ये शोधलं, आणि तेच दार साधारण 43 डिग्रीला उष्णतेनंही उघडतं असं निघालं. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस आणि स्पर्शाचे सेन्सर शोधणारे आर्डेम पॅटापुटियन यांना मिळालं. तर ठेचा खाऊन कपाळाला घाम फुटतो तेव्हा मेंदूला खरोखर उष्णतेचीच खबर गेलेली असते.

आता खबर आल्यावर मेंदू काय करतो. गरम झालं असेल तर त्वचेकडच्या रक्तवाहिन्या मोठ्या करतो, एरवी तिथं मिनिटाला पाव-अर्धा लिटर रक्त फिरतं ते कडक उन्हात सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं, आणि घामाच्या ग्रंथींना आदेश देतो, ज्या अंगभर वीस ते चाळीस लाख आहेत. थंडी असेल तर याच्या उलट, त्वचेकडचं रक्त कमी करतो, स्नायूंना हुडहुडी भरवतो, कारण स्नायू हलले की उष्णता तयार होते. तान्ह्या बाळाला हुडहुडी भरवता येत नाही, त्याच्या पाठीत आणि मानेजवळ तपकिरी चरबी असते ती जाळून ते ऊब धरतं.

हे सारखं करावं लागतं कारण नुसतं बसून असलं तरी शरीर 80 ते 100 वॅट उष्णता तयार करत असतं, बाहेर जायची वाट पूर्ण बंद केली तर तासाभरात अंग एक डिग्रीच्या वर तापेल. आणि मेंदूचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे घाम नाही, तुमचं वागणं. सावलीला जावंसं वाटणं, डोक्याला रुमाल बांधावा वाटणं, दुपारी काम थांबवावं वाटणं, हे सगळं तोच करवतो. ज्या माणसाला वागायची मोकळीक नाही, म्हणजे मुकादम थांबू देत नाही, सावली नाही, पाणी लांब आहे, त्याचं हे हत्यारच काढून घेतल्यासारखं होतं. उन्हानं मरणाऱ्यांत मजूर आणि म्हातारी माणसं जास्त का असतात त्याचं अर्धं उत्तर यातच आहे.

आणि 37 हा आकडा दगडावरची रेघ नाही. तो जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी 1868 मध्ये हजारो पेशंटच्या नोंदींवरून मांडला. पहाटे चार-पाचला आपण सगळ्यात गार असतो आणि संध्याकाळी सगळ्यात गरम, फरक अर्ध्या ते एक डिग्रीचा. त्यामुळे संध्याकाळी 99 फॅरनहाइट दिसलं म्हणून लगेच घाबरू नका.

माझ्या सहा वर्षाच्या मुलाला ताप आला की आधी हुडहुडी भरते. अंग तर तव्यासारखं लागतं आणि तो म्हणतो थंडी वाजते. सासूबाई त्याला वाकळ पांघरतात, मी काढून टाकते, त्या परत घालतात. आमच्या घरात यावरून दरवेळी वाद. कोण बरोबर? (अंबाजोगाई)

ताई, दोघी बरोबर आहात, फक्त वेळ वेगवेगळी.

तापात शरीराचा कंट्रोल बिघडलेला नसतो, मेंदूने स्वतःच आकडा वर नेलेला असतो. इन्फेक्शन झालं की रोगप्रतिकारक पेशी काही रसायनं रक्तात सोडतात, त्यामुळे हायपोथॅलॅमसजवळ प्रोस्टाग्लँडिन ई-2 नावाचं रसायन तयार होतं, आणि ते प्रीऑप्टिक पेशींना सांगतं की आता 37 नाही, 39 धरायचं. आता बघा, आकडा 39 झाला पण अंग तर अजून 37 वर आहे, म्हणजे मेंदूच्या हिशोबाने अंग दोन डिग्रीने गार आहे. म्हणून पोराला खरीच थंडी वाजते, नाटक नसतं, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते, आणि त्यातूनच तापमान चढतं. 39 गाठलं की थंडी थांबते. मग इन्फेक्शन आटोक्यात आलं किंवा गोळी लागू पडली की आकडा परत खाली येतो, आता अंग जास्त गरम ठरतं आणि दरदरून घाम सुटतो. हिवतापात हा सगळा खेळ एक-दोन दिवसाआड परत परत होतो कारण जंतू रक्तपेशी फोडून ठराविक वेळेला बाहेर पडतात.

तर हुडहुडी चालू आहे तोवर एखादी पातळ चादर घाला, सासूबाईंचं तेवढं ऐका, कारण त्या वेळी उघडं ठेवलं किंवा गार पाणी लावलं तर मेंदू आणखी जोरात हुडहुडी भरवतो आणि पोरगं नुसतं हैराण होतं. हुडहुडी थांबली की चादर काढा, सुती पातळ कपडे, पंखा मंद, पाणी पाजत राहा. जाड वाकळ मात्र कुठल्याच वेळी नको. पुसायचं असेल तर कोमट पाण्याने. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, ती मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होणं कमी करते म्हणून आकडा खाली येतो. ॲस्पिरिन पण प्रोस्टाग्लँडिनच कमी करते हे शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, त्याचं नोबेल त्यांना 1982 ला मिळालं, पण लहान मुलांना तापात ॲस्पिरिन द्यायची नाही, लिव्हर आणि मेंदूला धोका असतो. डेंग्यूचा संशय असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन दोन्ही नाही, रक्तस्राव होऊ शकतो.

आकडा 98.6 ला आलाच पाहिजे असा हट्ट पण नको. ताप हे शरीराचं शस्त्र आहे. 1975 मध्ये मॅथ्यू क्लूगर यांनी वाळवंटी सरड्यांवर प्रयोग केला, सरड्याला आतून उष्णता तयार करता येत नाही पण इन्फेक्शन झालं की तो आपणहून जास्त गरम जागी जाऊन बसतो, आणि ज्यांना गरम जागा मिळाली त्यांच्यातले जास्त जगले. पोरगं खेळतंय, पाणी पितंय, तर 101 ला घाबरायचं काम नाही. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 झालं, किंवा कुठल्याही वयात झटका आला, मान ताठ झाली, पोरगं सुस्त पडलं, तर घरी थांबू नका.

गेल्या मे महिन्यात माझे चुलते नांगरणी चालू असताना शेतातच कोसळले. अंग भट्टीसारखं, घाम पण येत होता, काहीबाही बडबडत होते. आम्हाला वाटलं ताप डोक्यात गेला, दोन गोळ्या दिल्या आणि पांघरूण घालून जीपमध्ये टाकून तालुक्याला नेलं. जीव वाचला पण अजून चालताना तोल जातो. गोळीने ताप का उतरला नाही? (माजलगाव तालुका)

दादा, पत्र वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण अशीच चूक दर उन्हाळ्यात कितीतरी घरात होते.

तो ताप नव्हता, उष्माघात होता. वर सांगितलं तसं तापात मेंदू स्वतः आकडा वर नेतो. उष्माघातात मेंदूने धरलेला आकडा 37 वरच असतो, मेंदू अंग गार करायची शिकस्त करत असतो, पण बाहेरून येणारी आणि कामाने आतून तयार होणारी उष्णता त्याच्या ताकदीबाहेर गेलेली असते. प्रोस्टाग्लँडिनचा इथं संबंधच नाही, मग गोळी काम कशावर करणार? उलट गरम झालेल्या लिव्हरवर पॅरासिटामॉलचा भार वाढतो. ताप सहसा 106 च्या वर जात नाही कारण लगाम मेंदूच्या हातात असतो. उष्माघातात लगामच सुटतो, मग 106 काय आणि 108 काय.

आतून काय होतं तर सगळं रक्त त्वचेकडे वळवल्यामुळे आतड्याला रक्त कमी पडतं, आतड्याचं अस्तर गळू लागतं, तिथल्या जंतूंचं विष रक्तात जातं, आणि 40 डिग्रीच्या म्हणजे 104 च्या वर मेंदूच्या पेशींना थेट इजा सुरू होते. त्यात लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी सगळ्यात नाजूक, आणि तोल सांभाळायचं काम त्यांचंच. चुलत्यांचा तोल जातो तो बहुतेक याचमुळे, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा आणि चालण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, सुधारणा होऊ शकते.

सगळ्यांनी लक्षात ठेवायचं ते असं. उन्हात काम करणारा माणूस बरळायला लागला, झोकांड्या देऊ लागला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला तर उष्माघात धरूनच चालायचं. अंग कोरडं पडलं तरच उष्माघात असा समज लै पसरलाय, तो चुकीचा आहे, कष्टाचं काम करताना झालेल्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो, तुमच्या चुलत्यांना होता तसाच. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा नाहीतर काढा, विहिरीवर मोटर असेल तर पाइप धरा, नाहीतर घागरीने डोक्यापासून पायापर्यंत गार पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काख, जांघ इथं ठेवा. तापात कोमट पाणी आणि इथं गार पाणी, हा फरक पक्का डोक्यात ठेवा. 108 ला फोन करा पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका, गाडीत घातल्यावर पण ओले फडके आणि वारा चालू ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, फुप्फुसात जातं. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती गार केलं यावर पुढचं सगळं ठरतं, दवाखाना तीस किलोमीटर लांब असेल तर हे काम शेतातल्या माणसांनाच करायचं आहे.

आमचा मुलगा पुण्यात एसी ऑफिसात असतो. मार्चमध्ये सुट्टीवर आला आणि हौसेने हळद काढायला आला तर दुसऱ्याच दिवशी चक्कर येऊन बसला. आम्ही साठीचे असून दिवसभर करतो. आताची पिढी नाजूक झाली का? (वसमत)

नाही हो काका, पोरगं नाजूक नाही, त्याचं अंग सरावलेलं नाही. उन्हात रोज काम केलं की सात ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि जास्त सुटतो, आणि घामातलं मीठ कमी होतं. तुमच्या अंगात हे सगळं फेब्रुवारीपासून झालेलं होतं, त्याच्यात शून्य. आणि ही सवय टिकत नाही, दोन-तीन आठवडे एसीत बसलं की उतरते.

नवीन मजुराला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचवा हिस्साच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं असा नियम अमेरिकेतली कामगार आरोग्याची सरकारी संस्था सांगते, कारण उन्हाने मरणारे बरेच मजूर पहिल्या काही दिवसातलेच असतात. आपल्याकडं वीटभट्टीवर, रोडच्या कामावर पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करून घेतात. हे थांबलं पाहिजे. ठेकेदार वाचत असतील तर त्यांनीही हे मनावर घ्यावं.

मुंबईत 34 डिग्रीला जीव नकोसा होतो आणि इथं जालन्यात 42 ला कूलर लावून झोप लागते, हे कसं?

कूलरमध्ये पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि घामाचं कामही तेच. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता अंगातून जाते. पण उडाला तरच, गळून जमिनीवर पडलेला घाम फुकट. मुंबईची हवा पाण्याने भरलेली म्हणून घाम उडत नाही.

1774 मध्ये लंडनला चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे सोबती तापवलेल्या खोलीत बसले होते, नंतर नंतर ती 127 डिग्रीपर्यंत तापवली. त्या हवेत मांसाचा तुकडा शिजला, माणसं काही मिनिटं बसून धडधाकट बाहेर आली, कारण हवा कोरडी होती. कोरड्या हवेचा एवढा फायदा.

पण म्हणून जालनेकरांनी निर्धास्त राहू नये. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून मोजलेलं तापमान 35 च्या वर गेलं की माणूस टिकू शकत नाही असं 2010 मध्ये शास्त्रज्ञांनी हिशोबाने मांडलं होतं. नंतर अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण धडधाकट लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले तर दमट हवेत ती मर्यादा 31 च्या आसपासच निघाली, आणि कोरड्या कडक उन्हात त्याहून खाली, कारण तिथं घाम उडतो पण तेवढा घाम तयार व्हायचा वेगच कमी पडतो. आणखी एक, आपल्याकडं घाम सुटल्या सुटल्या उडून जातो, अंग कोरडंच वाटतं, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. लघवी पिवळी गर्द झाली तर समजा. कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताक चांगलंच, नाहीतर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा छोटा.

कूलर लावताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीच मुंबई होते. आणि 40 च्या वर नुसता पंखा अंगावर घेऊ नका, तो गरम हवाच अंगावर फेकतो, अंगावर ओला कपडा घ्या मग पंखा चालतो.

वय 47. पाळी अनियमित झालीय. अचानक छातीतून वाफ निघाल्यासारखी वर चढते, चेहरा लाल, घामाने चिंब, आणि पाच मिनिटांनी थंडी. घरचे म्हणतात मनाचं आहे. (उदगीर)

मनाचं अजिबात नाही ताई, हायपोथॅलॅमसचं आहे. एरवी तापमान थोडं वरखाली झालं तरी मेंदू दुर्लक्ष करतो. पाळी जायच्या काळात इस्ट्रोजेन कमी झालं की हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी, ज्यांच्यावर एरवी इस्ट्रोजेनचा धाक असतो, त्या जास्त चेकाळतात आणि ही सूट फारच अरुंद होते. मग अगदी थोडं गरम झालं, चहा घेतला, चुलीपुढे बसलं, की मेंदू पूर्ण जोराने रक्त त्वचेकडे सोडतो आणि घाम काढतो. त्यात अंग खरंच गार होतं म्हणून मागून थंडी. या पेशींवर थेट काम करणारं फेझोलिनेटंट नावाचं औषध 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, हार्मोनच्या गोळ्या तर आधीपासून आहेत, पण त्या कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही ते स्त्रीरोगतज्ज्ञच तपासून ठरवतील. एकदा थायरॉइड बघून घ्या. आणि रात्रीच्या घामासोबत वजन उतरत असेल, खोकला असेल, तर टीबीची तपासणी आधी. घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं आणि मला एवढी थंडी वाजली की दात वाजत होते. ताप नव्हता. का? (लातूर)

पाठीतल्या इंजेक्शनने कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आतलं गरम रक्त पायांकडे पसरतं आणि आतलं तापमान उतरतं. भूल उतरली की थांबतं, घाबरण्यासारखं नाही. पुढच्या वेळी आधीच सांगून ठेवा, गरम पांघरूण आणि गरम सलाइनने फरक पडतो.

उन्हात खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही, खरं का?

नाही. खिशातल्या कांद्याचा शरीराच्या तापमानावर काही परिणाम होत नाही. कांदा जेवणात खा, डोक्याला ओला रुमाल बांधा.

वडील 78 वर्षांचे. मे मध्ये पण स्वेटर घालून पत्र्याच्या खोलीत बसतात, पंखा बंद करायला लावतात, पाणी मागत नाहीत. बीपीची आणि झोपेची गोळी चालू आहे. काळजी वाटते. (कंधार)

काळजी बरोबर आहे. वयाबरोबर त्वचेचे सेन्सर मंद होतात, घाम उशिरा आणि कमी येतो, आणि तहानेची जाणीवही कमी होते, ती पण हायपोथॅलॅमसचीच. म्हणजे त्यांना खरंच गरम वाटत नाही, हट्ट समजून रागावू नका. पण गरम वाटत नाही म्हणून अंग तापत नाही असं नाही. त्यामुळे त्यांच्या सांगण्यावर न जाता तुम्ही घड्याळाप्रमाणे चला, दर तासाला अर्धा ग्लास पाणी किंवा ताक हातात द्या (हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर किती पाणी ते डॉक्टरांना विचारून), दुपारी पत्र्याखालून काढून घरातल्या सगळ्यात गार खोलीत बसवा, मानेवर ओलं फडकं ठेवा, पत्र्यावर पांढरा चुना मारा किंवा कडब्याच्या पेंढ्या टाका. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवून पाणी कमी करतात, झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या घाम कमी करतात. गोळ्यांची चिठ्ठी मार्चमध्येच डॉक्टरांना दाखवून उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का ते विचारा, स्वतःहून कुठलीच गोळी बंद करू नका. आणि एखाद्या दुपारी ते नेहमीपेक्षा गप्प झाले, नाव विचारलं तर गोंधळले, तर थर्मामीटर शोधत बसू नका, आधी अंगावर गार पाणी आणि वारा, आणि 108.